फोमचे इअरप्लग: मोठ्या शहरातल्या नऊ महिन्यांच्या रात्री

खोली मी दुपारी तीन वाजता बघितली होती. सातवा मजला, खिडकीतून भरपूर उजेड, भिंतींना नवा रंग, भाडं माझ्या पगारात बसणारं. शहरात येऊन आठ दिवस झाले होते. ओळखीच्यांकडे आणखी किती दिवस राहणार, म्हणून मी जागच्या जागी हो म्हटलं. नोकरीसाठी मोठ्या शहरात जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: खोली एकदा रात्री अकरानंतर जाऊन बघा. दहा मिनिटं काही न बोलता उभे राहा आणि मग काय ते ठरवा.

पलंगाच्या उशाकडच्या भिंतीपलीकडून लिफ्ट जाते, हे मला पहिल्या रात्री कळलं. लिफ्ट सुटली की भिंतीत आधी ‘खट्’ व्हायचं, मग घरघर वर चढत जायची, आणि ती कुठेतरी थांबली की पुन्हा ‘खट्’. खाली चौकात सिग्नल. तो सुटला की गाड्यांचा लोंढा निघायचा, मग जेमतेम मिनिटभर शांतता, की पुढचा लोंढा. त्या मिनिटभरात डोळा लागतोय असं वाटायचं आणि तेवढ्यात हॉर्न. रात्री एकच्या सुमाराला वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढायचं. चार वाजून दहा मिनिटांनी कचऱ्याची गाडी पीं-पीं करत मागे यायची आणि लोखंडी डबा आपटायची. मला पाचला उठायचं असायचं.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हे आपण सगळेच म्हणतो. त्यामागचं कारण मी नंतर वाचलं. ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी आणि युका सासाकी यांच्या गटाने २०१६ साली दाखवून दिलं की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा जागा राहतो आणि वेगळा आवाज आला की चटकन सावध होतो. म्हणजे अर्धा मेंदू पहाऱ्यावर बसलेला असतो. हे वाचून मला स्वतःबद्दल बरं वाटलं, कारण तोवर मी समजत होते की मीच कमकुवत आहे, या शहरात राहण्याच्या लायकीची नाही. पण पहिली रात्र गेली, दहावी गेली, विसावी गेली, तरी माझा पहारा काही उठेना.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी साडेसहाला पहिले नमुने हातात येतात. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी एका माणसाच्या रक्ताच्या नळीवर दुसऱ्याचं लेबल लावायच्या बेतात होते. लेबलाचा कागद सोलला होता, नळी डाव्या हातात होती, आणि शेवटच्या क्षणी वय डोळ्यांत खुपलं: फॉर्मवर सत्तर, लेबलवर एकतीस. चूक झाली नाही. पण त्या दिवशी माझे हात दुपारपर्यंत थरथरत होते. त्या नळीच्या आधाराने कोणीतरी कोणाला तरी औषध देणार होतं. घरी जाताना मी औषधांच्या दुकानात शिरले आणि इअरप्लग मागितले.

त्याआधी बाकीचं करून झालं होतं. कापसाचे बोळे अगदीच कुचकामी, आवाज त्यांतून जसाच्या तसा येतो. पंखा जोरात लावला तर चौकाचा आवाज थोडा झाकला जायचा, पण खुर्ची आणि डबा काही झाकले जायचे नाहीत. फोनवर पावसाचा आवाज लावून बघितला, तो संपताना जो ठोका पडायचा त्यानेच जाग यायची.

दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक पिवळा, सरळ लंबगोल, हाताला जरा टणक. दुसरा नारिंगी, निमुळता, मऊ. पिवळ्याच्या डबीवर एनआरआर २९ लिहिलं होतं, नारिंगीच्या ३३. एनआरआर म्हणजे तो प्लग किती डेसिबल आवाज कमी करतो याचा प्रयोगशाळेत मोजलेला आकडा. मी अर्थातच ३३वाला घेतला, आणि पहिल्या रात्री काहीही फरक पडला नाही. लिफ्ट तशीच, चौक तसाच. उलट कानात काहीतरी अडकल्याची भावना जास्तीची. पैसे पाण्यात गेले म्हणून मी दोन दिवस ती डबी उघडलीच नाही.

चूक प्लगची नव्हती, माझ्या घालण्याची होती. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण ‘उपयोग नाही’ म्हणून ज्यांनी ज्यांनी प्लग टाकून दिले त्यांच्यातल्या बहुतेकांचं हेच झालं असणार.

प्लग बटणासारखा कानात दाबायचा नसतो. आधी हात धुवा. मग तो दोन बोटांत धरून वातीसारखा वळा, अगदी बारीक आणि सुरकुती न पडता. सुरकुती राहिली तर तिच्यातून आवाजाला वाट मिळते. आता उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून घ्या आणि उजव्या कानाची पाळी वरच्या टोकाला धरून वर आणि किंचित मागे ओढा. कानाचा मार्ग वाकडा असतो, असं ओढलं की तो सरळ होतो. मग ती वात आत सरकवा आणि बोट बाहेरून टेकवून ठेवा. हे टेकवून ठेवणं महत्त्वाचं. फोम फुगायला वेळ घेतो. बोट लगेच काढलं तर तो फुगता फुगता स्वतःलाच बाहेर ढकलतो. मी मनात तीसपर्यंत मोजते. दहाच्या पुढे कुठेतरी चौक हळूहळू लांब जायला लागतो, वीसला तो बंद दाराआड जातो, आणि तिसाला बोट काढलं की आपलाच श्वास ऐकू येतो. आरशात समोरून बघितलं तर नीट बसलेला प्लग जवळजवळ दिसत नाही. माझे पहिल्या रात्री खिळ्यांसारखे बाहेर आले होते.

काढतानाही ओढून काढू नका. हळूहळू पिळत काढा, म्हणजे हवा आत शिरते आणि पडद्याला झटका बसत नाही.

डबीवरच्या ३३ या आकड्याचाही थोडा हिशोब सांगते. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणारी निऑश या अमेरिकी सरकारी संस्थेने १९९८ साली सांगितलं होतं की बोटांनी वळायच्या प्लगसाठी डबीवरचा आकडा निम्मा धरावा, कारण प्रयोगशाळेतल्यासारखं नीट रोज कोणी घालत नाही. म्हणजे पदरात पडतात सोळा-सतरा डेसिबल. ऐकायला कमी वाटतं, पण दहा डेसिबल कमी झाले की आवाजाची ऊर्जा दहाव्या हिश्श्यावर येते आणि कानाला तो साधारण निम्मा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली रात्रीच्या आवाजासाठी घराबाहेर ४० डेसिबल ही मर्यादा सुचवली होती. माझ्या खिडकीत फोनचं ॲप मध्यरात्री ५८ दाखवत होतं. फोन म्हणजे काही मोजणीचं यंत्र नव्हे, पण सोळा-सतरा वजा केले की मी त्या चाळिसाच्या आसपास येत होते. झोप लागण्यात नवल नव्हतं.

आणि झोप लागली. प्लग नीट बसलेली ती पहिली रात्र मला अजून आठवते. आधी थोडी भीती वाटली, कारण बाहेरचं सगळं गेल्यावर आतलं ऐकू यायला लागलं. हृदयाचे ठोके, गिळतानाचा आवाज, उशीवर डोकं घासल्याचा आवाज. कानाचं तोंड बंद झालं की हाडांतून येणारा स्वतःचा आवाज मोठा होतो, त्यामुळे हे सगळ्यांनाच होतं आणि दोन-तीन रात्रींत सवय होते. मग मी झोपले ती थेट पाचला उठले, आणि खिडकीत बसून कितीतरी वेळ नुसती खाली बघत राहिले. चौक तोच, गाड्या त्याच. महिन्यात पहिल्यांदाच मला त्यांचा राग येत नव्हता.

एवढीशी वस्तू, पण तिचा इतिहास बघितला तर ती शहरांबरोबरच वाढलेली आहे. १९०७ साली बर्लिनमध्ये माक्स नेगवर नावाच्या औषधविक्रेत्याने मेण आणि कापूस एकत्र करून कानात घालायच्या गोळ्या बनवल्या आणि त्यांना ओरोपाक्स नाव दिलं. जर्मनमध्ये ‘ओर’ म्हणजे कान, लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांतता. फोमचा प्लग त्यानंतर साठ वर्षांनी आला. १९६७ साली अमेरिकेत नॅशनल रिसर्च कॉर्पोरेशनमध्ये रॉस गार्डनर आणि त्यांचे सहकारी सांधे बंद करायच्या सामग्रीवर काम करत होते, त्यातून हा दाबला की हळूहळू फुगणारा पदार्थ हाती लागला. सांध्यातली फट बुजवायला निघालेली वस्तू माझ्या कानातली फट बुजवते, हे मला फार आवडतं.

आता न आवडलेलं.

लिफ्ट पूर्ण गेली नाही. तिची घरघर हवेतून कमी आणि भिंत, पलंग, कवटी अशा वाटेने जास्त येते. त्या वाटेवर प्लग काही करू शकत नाही. शेवटी मी पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि डोकं दाराकडे केलं. लिफ्टपुरतं बोलायचं तर या वीतभर जागेने प्लगपेक्षा जास्त काम केलं. तुमचा पलंग भिंतीला चिकटलेला असेल तर काहीही विकत आणायच्या आधी तो ओढून बघा.

कान दुखला. नारिंगी प्लगने दोन आठवड्यांत माझा डावा कान आतून हुळहुळायला लागला. माझा डाव्या कानाचा मार्ग उजव्यापेक्षा अरुंद आहे हे मला तेव्हा कळलं. लहान आकाराचे मिळतात, ते घेतल्यावर त्रास थांबला. एक जोड मी चार रात्री वापरते आणि फेकते. पाचव्या रात्री फोम कडक होतो, फुगत नाही, आणि मळलेला दिसतो.

पाचव्या महिन्यात उजव्या कानाला दडा बसला. डॉक्टरांनी बघून सांगितलं की रोज प्लग घालून मळ आत ठासला गेलाय. त्यांनी तो काढला, आणि आठवड्यातून किमान दोन रात्री कानांना सुट्टी द्यायला सांगितली. कानातून पाणी येत असेल, पडद्याला भोक असेल, दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लग घालूच नका.

रस्त्यावर घालू नका. मी एकदा गर्दीच्या वेळी कामावर जाताना घातले होते. मागून आलेली सायकल मला तिचं हँडल कोपराला घासल्यावरच कळली. तेव्हापासून घराच्या दाराबाहेर नाही.

गजर मात्र प्लग घालूनही बहुतेकदा ऐकू येतो. तरी मी लॅबच्या कामात धोका पत्करत नाही, मनगटावर थरथरणारं घड्याळ बांधते.

पण प्लगबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार कानाची नाही. ती सांगायला मला थोडं संकोचल्यासारखं होतं, पण सांगते.

झोप मिळायला लागल्यावर मी हावरटासारखी झाले. रात्री दहाला घालायचे प्लग नऊला घालायला लागले, मग आठला. सुट्टीच्या दिवशी दुपारीही. शहराचा दरवाजा बंद करता येतो हे कळल्यावर मी तो सतत बंद ठेवायला लागले. दोन महिन्यांत मला शेजारच्या एकाही माणसाचं नाव माहीत नव्हतं. मला वाटायचं मी शांत झालेय. खरं तर मी एकटी पडत होते, आणि शांततेत ते कळतही नव्हतं.

एका शनिवारी मी बादलीखाली नळ सोडला, पाण्याचा जोर नव्हता म्हणून जरा आडवी झाले, प्लग कानात. मला झोप लागली. कधीतरी पाण्याला जोर आला, बादली भरून वाहिली, मोरीच्या जाळीवर फडकं पडलं होतं त्यामुळे पाणी खोलीत आलं आणि दाराखालून बाहेर. मी उठले ती पावलं ओल्यात पडली म्हणून. दार उघडलं तर शेजारच्या काकू फरशी पुसायचं फडकं घेऊन पॅसेजमध्ये वाकल्या होत्या.

“अगं, किती वेळ दार वाजवतेय! बरी आहेस ना तू?” त्या म्हणाल्या.

मी कानातून प्लग काढले आणि तळहातावर धरून त्यांना दाखवले. मला रडू फुटलं. पाण्यामुळे नाही. या शहरात माझं दार वाजवणारं कोणीतरी होतं, आणि ते मला ऐकू आलं नव्हतं. काकूंनी काही विचारलं नाही. दोघींनी मिळून पॅसेज पुसला, मग खोली पुसली. जाताना त्या म्हणाल्या, “एक किल्ली माझ्याकडे ठेव. आणि माझा नंबर घे.” आता त्यांचा फोन आला की मनगटावरचं घड्याळही थरथरतं.

खुर्चीचा उलगडाही काकूंनीच केला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रात्रपाळीच्या आधीची पाळी करतात, साडेबाराला घरी येतात आणि बूट काढायला खुर्ची ओढतात. पाच महिने मी त्या खुर्चीवर चिडले होते. लिफ्टमध्ये भेटल्यावर मी त्यांना घाबरत घाबरतच सांगितलं. ते ओशाळले, “अहो, आधी सांगायचं ना,” म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी खुर्चीच्या चारही पायांना फेल्टच्या चकत्या लावल्या. एका डबीतल्या तेहतीस डेसिबलना जे जमलं नाही ते एका वाक्यात झालं. अजूनही रात्री एकला जाग असेल तर मी कान देते, आणि तिथे काही नसतं. ते आले असतील, बूट काढत असतील, एवढं मात्र मला माहीत असतं.

आता माझं वापरणं असं आहे: कामाच्या आधीच्या रात्री प्लग, दहानंतर. शुक्रवारी आणि शनिवारी नाही. कुशीवर झोपते तेव्हा खालचा कान उशीत असतो, म्हणून कित्येकदा वरच्या एकाच कानात घालते, तेवढ्याने भागतं आणि डबीही जास्त दिवस पुरते. सुट्टीच्या रात्री चार वाजून दहा मिनिटांनी कचऱ्याची गाडी अजून मला उठवते. पीं-पीं ऐकू येतं, मी ‘आली’ म्हणते आणि कूस बदलते. पुढचा डबा आपटल्याचं कळतही नाही. पहारा उठला असावा.

वस्तू घ्यावी का? नव्या शहरात पहिल्या आठवड्यातच घ्यावी, झोपेवाचून महिनाभर झुरण्यापेक्षा. एकदम मोठी डबी न घेता आधी दोन प्रकारचे थोडे थोडे घेऊन कान काय म्हणतात ते बघावं. आकड्याच्या मागे न लागता मापाच्या मागे लागावं. मी आज पुन्हा घेताना नारिंगी, लहान मापाचे घेईन. पिवळे मला उकडण्याच्या दिवसांत बरे वाटतात, घामाने ते लवकर बुळबुळीत होत नाहीत.

गेल्या रविवारी काकू संध्याकाळी आल्या. काकांचं घोरणं हल्ली वाढलंय, तुझ्याकडचे ते दोन देतेस का, म्हणाल्या. मी त्यांना पलंगावर बसवलं, हात धुवायला लावले, प्लग वळून दिला. त्यांना डोक्यावरून हात नेऊन कान ओढणं जमेना, खांदा दुखतो. म्हणून मीच त्यांच्या कानाची पाळी वर धरली, प्लग सरकवला आणि बोट टेकवून मोठ्याने मोजायला लागले. वीसला त्यांनी डोळे मिटले. तीसला मी बोट काढलं आणि हळूच विचारलं, “ऐकू येतंय का, काकू?” त्या काही बोलल्या नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या. खाली सिग्नल सुटला होता.